टकळीची चकती आणि रिंग चाती एकाच सूचीत : नागपुरातील एका मिश्र वस्तुसंग्रहाचे प्रकरण

नागपुरातील एका शैक्षणिक संस्थेकडे अनेक दशकांत जमत गेलेला वस्तुसंग्रह आहे. त्यात जिल्ह्यातील शिलावर्तुळांच्या, म्हणजे प्राचीन दफनांभोवती दगड मांडून केलेल्या वर्तुळांच्या, परिसरातून आलेली लोखंडी अवजारे, खापरे आणि मणी आहेत. त्याच खोलीतल्या शेजारच्या कपाटांत बंद पडलेल्या कापड गिरण्यांचे सुटे भाग, अरुंदमापी रेल्वेची उपकरणे, जिनिंग कारखान्यांतील वजने आणि खाणकामाची हत्यारे ठेवलेली आहेत. संस्थेने या सर्वांची संगणकीय सूची करण्याचे ठरवले तेव्हा निधी, संगणक आणि माणसे या तिन्ही गोष्टी उपलब्ध होत्या, तरीही काम पहिल्याच रकान्यापाशी थांबले. तो रकाना ‘वस्तूचे नाव’ हा होता. तो रकाना कसा सुटला, कोणते निर्णय वादातून घ्यावे लागले आणि कोणते अजून घ्यायचे आहेत, याची ही मांडणी आहे. नोंदणीच्या कामात माझा आरंभापासून सहभाग होता.

पार्श्वभूमी

असा मिश्र संग्रह नागपुरात असणे स्वाभाविक आहे. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांनी नागपूरजवळच्या जुनापाणी परिसरातील शिलावर्तुळांचा वृत्तान्त १८७९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती, आणि रेल्वे तर १८६७ मध्येच शहरात पोचली होती. म्हणजे येथे प्राचीन अवशेषांचा शोध आणि आधुनिक उद्योगाची उभारणी एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत झाली. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड येथील उत्खननांनी विदर्भातील महाश्मयुगीन, म्हणजे अशी शिलावर्तुळे उभारणाऱ्या, लोकांची लोहविद्या, मण्यांची कारागिरी आणि घोड्याचा साज यांचे भरघोस पुरावे दिले. नायकुंडला पेंच नदीच्या काठी १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली. मनसरला तर एकाच गावच्या हद्दीत वाकाटककालीन विटांचे अवशेष आणि मँगनीजची खाण अशा दोन्ही गोष्टी आहेत. या भूमीवरच्या वस्तू गोळा करणाऱ्याच्या पिशवीत धातुमळीचा, म्हणजे भट्टीतून निघालेल्या टाकाऊ अवशेषाचा, खडा येतो, तेव्हा तो अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भट्टीचा की गेल्या शतकातील ओतशाळेचा, हा प्रश्न खराखुरा असतो.

तीन नोंदवह्यांतील स्थिती

संग्रहाच्या तीन नोंदवह्या होत्या. सर्वांत जुनी इंग्रजीत असून तिची विभागणी द्रव्यानुसार होती: लोखंड, तांबे, दगड, भाजकी माती, काच. दुसरी मराठीत होती आणि तिच्यात नोंदी देणगीदाराप्रमाणे केलेल्या होत्या. तिसरी गिरणीचे सामान येऊ लागल्यावर उघडली गेली आणि तिच्यात वस्तू गिरणीच्या खात्यांनुसार, म्हणजे ब्लो रूम, कार्डिंग, रिंग, विणकाम अशा क्रमाने उतरवलेल्या होत्या. प्रत्येक पद्धतीला त्या त्या वेळी चांगले कारण होते. ज्याला धातूच्या वस्तूंचे जतन करायचे आहे त्याला द्रव्यानुसार यादी सोयीची असते, आणि ज्या कामगाराने सामान सोडवून आणले त्याला खात्यानुसार यादी नैसर्गिक वाटते.

अडचण निर्माण झाली ती तिन्ही वह्या एकत्र करताना. संस्थेतील एका विद्यार्थिनीला ‘कापूस ते कापड’ या विषयावर छोटे प्रदर्शन मांडायचे होते. तिने सूतकताईशी संबंधित सर्व वस्तूंची यादी मागितली, आणि ती देता आली नाही. टकळी दुसऱ्या वहीत ‘गांधीजींच्या काळातील वस्तू’ म्हणून होती, चात्या, म्हणजे सूत कातताना फिरणारे दांडे, तिसऱ्या वहीत होत्या आणि मातीच्या चकत्या पहिल्या वहीत ‘भाजकी माती, संकीर्ण’ या शीर्षकाखाली होत्या. आम्ही पुढे हीच मागणी कसोटी म्हणून वापरली. एखादी रचना सुचली की ती रचना या विद्यार्थिनीला पूर्ण यादी देऊ शकेल का, असे विचारायचे.

नावाच्या रकान्यातच सगळे कोंबलेले होते, हा दुसरा दोष. ‘महाश्मयुगीन लोखंडी कुऱ्हाड, पूजेची?’ ही एक नोंद पाहावी. तिच्यात काळ, द्रव्य, वस्तू आणि नोंद करणाऱ्याची अटकळ अशा चार वेगळ्या गोष्टी एका ओळीत आहेत. त्यांतली अटकळ पुढच्या यादीत उतरवताना प्रश्नचिन्ह गळून पडले आणि ‘पूजेची कुऱ्हाड’ एवढेच उरले. कोणीही जाणीवपूर्वक विधान न करता एका वस्तूला धार्मिक उपयोग चिकटला, आणि मला हा प्रकार अतिशय गंभीर वाटतो, कारण पुढचा अभ्यासक नोंदवहीला पुरावा मानतो.

जवळून पाहिलेल्या वस्तू

पहिली वस्तू लोखंडी गोळा. वहीत तो ‘तोफेचा गोळा’ असा होता, आणि नागपुरात १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झालेली असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. संग्रहाच्या कामात मदतीला येणाऱ्या एका निवृत्त स्टेशन मास्तरांनी तो हातात घेतला, वरच्या रंगाचे पापुद्रे नखाने सरकवले आणि खाली कोरलेली दोन स्थानकांची आद्याक्षरे दाखवली. तो एकेरी मार्गावरच्या गाडीसाठी वापरला जाणारा टोकनचा गोळा होता. लागून असलेल्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने एकमेकांशी जोडलेली असतात आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत कोणत्याही बाजूने दुसरा निघू शकत नाही. त्या टप्प्याचा गोळा हाती आल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नसते. अशा वस्तूचे स्थान शस्त्रांत नसून रेल्वेच्या संकेत व सुरक्षा साधनांत आहे.

दुसरी वस्तू त्याहून लहान होती. एका काडेपेटीत, तांब्याच्या प्राचीन कड्यांशेजारी, एका बाजूने उघड्या अशा पोलादी तारेच्या बारीक कड्या ठेवलेल्या होत्या आणि वर ‘कड्या, आभूषण’ अशी चिठ्ठी होती. गिरणीत आयुष्य काढलेल्या एका फिटर काकांनी पेटी उघडताच सांगितले, “हे अंगठ्या-गिंगठ्या नाही जी सर, ट्रॅव्हलर हाय. रिंगवर पयते हे.” रिंग चातीवर सूत गुंडाळायची कांडी वेगाने फिरते आणि सूत ज्या बारीक कडीतून ओढले जाते ती कडी कांडीभोवतीच्या स्थिर कड्याच्या, म्हणजे रिंगच्या, काठावरून धावते. धावताना ती कांडीच्या किंचित मागे राहते, आणि या फरकामुळे सुताला पीळ बसत असतानाच ते कांडीवर गुंडाळलेही जाते. ही कडी लवकर झिजते, सुताच्या जाडीप्रमाणे तिचे वजन बदलावे लागते, म्हणून गिरणीत ती पेट्यांनी येत असे. १८८० च्या दशकात, रिंग चात्यांवर जगात सर्वत्र विश्वास बसलेला नसताना, एम्प्रेस मिलने त्या चालवून पाहिल्या. नागपूरच्या संग्रहात ट्रॅव्हलर असण्याचे महत्त्व या इतिहासामुळे आहे, आणि ‘आभूषण’ या एका शब्दाने ते पुसले गेले होते.

तिसरी वस्तू म्हणजे मातीची चकती. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, फुटक्या भांड्याच्या खापराला घासून गोल केलेली. मधले छिद्र दोन्ही बाजूंनी कोरलेले असल्यामुळे ते दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्यावर अरुंद आहे. अशा चकत्या विदर्भातील प्राचीन वसाहतींच्या स्थळांवर मिळतात. पहिल्या वहीत अशाच वस्तूंना एका ठिकाणी ‘खेळण्यातील चाक’, दुसरीकडे ‘मणी’ आणि तिसरीकडे ‘जाळ्याचे वजन’ म्हटलेले होते. ती टकळीची चकतीही असू शकते. छिद्र बरोबर मध्यावर आहे का, चकती समतोल फिरते का, छिद्राच्या काठाला काठीच्या घर्षणाची झिलई आली आहे का, हे पाहून मत बनवता येते, पण प्रत्येक वेळी निर्णय देता येत नाही.

कुऱ्हाडीचा प्रश्नही याच जातीचा होता. विदर्भातील महाश्मयुगीन दफनांत सपाट लोखंडी पाती मिळतात. त्यांतील काहींवर पाते दांड्याला आवळून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या शिल्लक असतात, त्यामुळे दांडा कसा बसवला होता ते कळते. धार दांड्याला समांतर असेल तर कुऱ्हाड आणि आडवी असेल तर वाकस, हा सुताराच्या हाताखालचा साधा भेद आहे. पट्ट्या गळून गेल्या, गंजाने धार खाल्ली आणि दांडा कुजून गेला, तर समोरच्या पात्याला दोहोंपैकी काहीही म्हणणे धाडसाचे ठरते.

चौकटीची निवड

वस्तूंना प्रमाण नावे देण्याच्या पद्धती जगात पुष्कळ आहेत आणि त्या सर्वांच्या मागचा हेतू एक नाही. ब्रिटनमधील संग्रहालयांसाठी १९८३ मध्ये तयार झालेले सामाजिक इतिहास व औद्योगिक वर्गीकरण वस्तूला तिच्या वापराच्या क्षेत्रात बसवते: सामुदायिक जीवन, घरगुती व कौटुंबिक जीवन, वैयक्तिक जीवन आणि कामकाज. गिरणीच्या सामानाला ते उत्तम बसले. प्राचीन अवजारांपाशी मात्र ते थांबले, कारण दफनातून आलेले पाते घरचे, कामाचे की मृतासाठीच घडवलेले, हे ठरल्याशिवाय त्याला कोणताही विभाग देता येत नाही. अमेरिकेत रॉबर्ट चेनहॉल यांनी १९७८ मध्ये मांडलेली नामावली वस्तूच्या मूळ कार्यावर उभी आहे, म्हणून तिथेही हीच अडचण येते. पुरातत्त्वीय वस्तूंसाठी ब्रिटनमध्ये १९९७ साली आलेला संज्ञाकोश, म्हणजे प्रमाण नावांची त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी यादी, अनिश्चित वस्तूंना जागा देतो. गेटी संस्थेचा कला व वास्तू संज्ञाकोश १९९० पासून प्रसिद्ध होत आला असून तो द्रव्य, काळ, क्रिया आणि वस्तू यांना स्वतंत्र पैलू मानतो. मण्यांपुरते बोलायचे तर होरेस बेक यांनी १९२८ मध्ये आकारावर आधारलेली नामावली मांडली होती. माहुरझरीसारख्या स्थळावरील अकीक व कार्नेलियनच्या मण्यांना ती आजही उपयोगी पडते, म्हणून मण्यांच्या बाबतीत वाद झालाच नाही.

आम्ही यांपैकी कोणतीही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. संज्ञांची रचना आयएसओ २५९६४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या नियमांनुसार केली. त्याचा पहिला भाग २०११ मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला. पैलू वेगळे ठेवण्याची कल्पना गेटीच्या कोशातून घेतली, आणि ब्रिटिश औद्योगिक वर्गीकरण फक्त गिरणी, रेल्वे व खाणीच्या वस्तूंपुरता एक जादा रकाना म्हणून ठेवले. नावाच्या रकान्यात केवळ वस्तू लिहायची असे ठरले. द्रव्य, बनावटीची पद्धत, काळ, प्राप्तिस्थळ आणि अनुमानित उपयोग यांना स्वतंत्र रकाने मिळाले, आणि अनुमानाच्या रकान्याशेजारी अनुमान कोणी व कशावरून केले हे लिहिणे सक्तीचे झाले.

सूचीच्या माथ्यावर ‘पुरातत्त्वीय’ आणि ‘औद्योगिक’ असे दोन कप्पे असावेत, असा सूचीचे काम पाहणाऱ्या समितीतील इतिहासाच्या प्राध्यापकांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे असे की दोन्ही शाखांची साधने, अभ्यासक आणि जतनाच्या पद्धती वेगळ्या आहेत. ते खरे आहे. परंतु १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमात पुरावशेषासाठी वयाची सर्वसाधारण अट शंभर वर्षांची आहे, आणि एम्प्रेस मिलच्या सुरुवातीच्या काळातील यंत्रभाग ती अट केव्हाच ओलांडून गेले आहेत. दरवर्षी सरकणाऱ्या रेषेवर नावांची इमारत उभी करणे योग्य नव्हते. शेवटी काळाचा रकाना भरला असेल तर दोन वेगळ्या याद्या हव्या तेव्हा काढता येतात हे त्यांना पटले, आणि माथ्यावर कार्यानुसार गट राहिले: कापण्याची साधने, सूतकताईची साधने, विणकामाची साधने, वाहतूक व संकेत साधने, धातुकामाची साधने व अवशेष, आणि इतर.

उतरंडीचा उपयोग

संज्ञांची उतरंड, म्हणजे व्यापक नावाखाली अधिक नेमकी नावे लावण्याची रचना, नेमकी नावे देण्यासाठी असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या प्रकरणात तिचा अधिक मोठा उपयोग अनिश्चिततेसाठी झाला. कुऱ्हाड की वाकस हे ठरत नसेल तर एक पायरी वर जाऊन ‘सपाट पाते’ म्हणावे, आणि पात्याची धारही उरली नसेल तर ‘लोखंडी अवजाराचा तुकडा’ एवढेच म्हणावे. नोंद अपुरी राहते, पण खोटी होत नाही. मातीच्या चकतीची नोंद पुष्कळ चर्चेनंतर अशी ठरली:

ग्राह्य संज्ञा: सच्छिद्र चकती
व्याप्ती: मध्यावर किंवा मध्याजवळ आरपार छिद्र असलेली चपटी गोल वस्तू, जिचा उपयोग निश्चित झालेला नाही. उपयोग सिद्ध झाल्यास त्या उपयोगाची संज्ञा वापरावी.
संबंधित संज्ञा: टकळीची चकती, जाळ्याचे वजन, खेळण्याचे चाक, मणी
वापरू नये: मातीचे चाक, गोल वस्तू

यातील ‘संबंधित’ हा शब्द सहज आलेला नाही. टकळीची चकती ही सच्छिद्र चकतीखालची संकुचित संज्ञा का मानू नये, असा प्रश्न होता. प्रमाणकाची कसोटी सरळ आहे: खालच्या संज्ञेतील प्रत्येक वस्तू वरच्या संज्ञेत बसली पाहिजे. टकळीला लावायचे वजन शंकूसारखे किंवा गोटीसारखेही असते, म्हणून प्रत्येक वजन चपटी चकती ठरत नाही आणि उतरंड तुटते. टकळी आणि तिची चकती यांचे नाते अंगांगीभावाचे आहे. भाग आणि संपूर्ण वस्तू यांची उतरंड प्रमाणक मोजक्या प्रकारांतच मान्य करते, अवजारांचे सुटे भाग त्यांत येत नाहीत. म्हणून तेथेही ‘संबंधित’ हेच नाते ठेवले. चाती ही व्यापक संज्ञा धरून तिच्याखाली टकळी, चरख्याची चाती आणि रिंग चाती यांना जागा दिली. टकळीची चकती आणि ट्रॅव्हलर हे दोन्ही स्वतंत्रपणे सूतकताईच्या साधनांत बसवले. यानंतर त्या विद्यार्थिनीची मागणी सूचीत टाकून पाहिली, तेव्हा प्राचीन चकत्यांपासून गिरणीच्या ट्रॅव्हलरपर्यंतची यादी एकत्र आली, आणि ‘सच्छिद्र चकती’ या शंकास्पद वस्तू ‘संबंधित’ म्हणून वेगळ्या दिसल्या.

स्थानिक शब्दांचे काय करावे

प्रमाण संज्ञा ठरवताना बोलीतले शब्द गाळले जातील, ही भीती फिटर काकांनी बोलून दाखवली आणि ती रास्त होती. प्रत्येक ग्राह्य संज्ञेखाली पर्यायी शब्द जतन करण्याचा नियम त्यामुळे झाला. शोधणाऱ्याने ‘गोळा’, ‘टोकन’ किंवा ‘गोळा टोकन’ यांपैकी काहीही टाकले तरी तो एकाच नोंदीवर पोचतो.

काही शब्दांना कंसात विशेषक द्यावे लागले. विदर्भात बंडी म्हणजे बैलगाडी, तर राज्याच्या इतर भागांत तेच अंगात घालायचे वस्त्र. संग्रहात दोन्ही वस्तू आहेत, म्हणून ‘बंडी (वाहन)’ आणि ‘बंडी (वस्त्र)’ अशा दोन नोंदी झाल्या. ‘मळी’ शब्द साखर कारखान्याच्या उत्पादनाला इतका रूढ आहे की भट्टीतून निघालेल्या अवशेषासाठी ‘धातुमळी’ हीच ग्राह्य संज्ञा ठेवणे इष्ट होते, आणि लोखंडाच्या बाबतीत ‘लोहकीट’ पर्यायी म्हणून राहिला. इंग्रजीतून गिरणीत रुळलेल्या शब्दांबाबत आम्ही नवे प्रतिशब्द घडवले नाहीत. ज्या वस्तूला कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या ट्रॅव्हलर म्हटले तिला आता वेगळे नाव देणे म्हणजे संग्रहाचा कामगारांशी असलेला धागा तोडणे होय, असे माझे ठाम मत आहे. याउलट शटलसाठी धोटा हा शब्द हातमागापासून चालत आलेला आणि गिरणीतही वापरात असलेला, म्हणून तो ग्राह्य ठरला. लेखनाचे नियमही ठरवावे लागले. संज्ञा एकवचनात, विशेषण आधी, सामासिक शब्द जोडून. ‘हात कंदील’ आणि ‘हातकंदील’ संगणकाला दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

परदेशी कोशांशी जुळणी करताना तंतोतंत, जवळची आणि व्यापक असे तीन प्रकार ठेवले. धोट्याची जुळणी तंतोतंत झाली. रेंगी या वैदर्भी हलक्या बैलगाडीला तेथे समान नाव नाही, म्हणून तिची जुळणी व्यापक संज्ञेशी झाली आणि रेंगी हे नाव आमच्या सूचीत स्वतंत्र राहिले.

सद्यःस्थिती

तिन्ही वह्यांतील मूळ नोंदी, चुका आणि प्रश्नचिन्हे धरून, ‘पूर्वीचे नाव’ या रकान्यात शब्दशः उतरवून ठेवल्या आहेत. तोफेच्या गोळ्याची जुनी नोंदही तेथे आहे, कारण त्या नावाने वस्तूचा उल्लेख कोणी आपल्या लेखनात केला असेल तर त्याला ती सापडली पाहिजे. नव्या संज्ञेचा प्रस्ताव आला की तो वस्तू हाताळलेला एक जाणकार आणि सूचीचे नियम सांभाळणारा एक सदस्य अशा दोघांच्या संमतीने स्वीकारला जातो, व तारीख नोंदवली जाते. धातुमळीचा मोठा भाग अजून ‘धातुमळी, भट्टी अनिश्चित’ या संज्ञेखाली आहे. तिची रासायनिक तपासणी झाल्यावर काही खडे प्राचीन लोहभट्टीशी आणि काही ओतशाळेशी जोडता येतील. खाणकामाच्या हत्यारांची नावे मनसर व उमरेड भागातील जुन्या खाणकामगारांना विचारून घ्यायची आहेत. तोपर्यंत त्या कपाटातील वस्तूंना ग्राह्य संज्ञा दिलेली नाही, केवळ क्रमांक आणि वर्णन दिले आहे.